मायनर मारला, तरी पुन्हा उठतो! : लिनक्स रिगबद्दल वाचकांचे प्रश्न

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या क्रिप्टोचलनाने प्रूफ-ऑफ-वर्क (यंत्रांकडून गणिते सोडवून घेऊन त्याबदली नाणी देण्याची पद्धत) सोडले आणि सहा-आठ ग्राफिक्स कार्डांच्या घरगुती रिगना (मायनिंगच्या यंत्रांना) रात्रंदिवस काम उरले नाही. आता याच रिग दिवसातले काही तास दुसरे एखादे कॉइन काढतात. बाकी वेळ रेंडरिंग किंवा भाषा मॉडेल चालवतात, नाहीतर बंद असतात. त्यामुळे मायनर (नाणी काढणारा प्रोग्रॅम) सुरू कसा करायचा यापेक्षा तो नेमका थांबवायचा कसा, यावरच जास्त पत्रे येतात. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत; टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाकायच्या, हे सांगायला नको.

प्रश्न : माझ्या थांबवायच्या स्क्रिप्टमध्ये एकच ओळ आहे : किलऑल -९ आणि पुढे मायनरचे नाव. ती चालवली की कार्डांचे पंखे मंदावतात, पण दहा सेकंदांत मायनर पुन्हा हजर. असे पाच-सहा वेळा केले की कधीतरी तो थांबतो. हे काय गौडबंगाल आहे?
*– एक वाचक, चिंचवड*

तुम्ही मारताय तो मायनर. त्याला उठवणारा दुसराच आहे आणि त्याला तुम्ही हात लावलेला नाही. म्हणून आधी तो शोधा. मायनर चालू असताना पीग्रेपने त्याचा पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रोसेसचा, क्रमांक) काढा आणि पीएसट्री -एसपी या कमांडला तो द्या. मायनरपासून वर पहिल्या प्रोसेसपर्यंतची सगळी साखळी एका ओळीत दिसते. मायनरच्या लगेच वर बॅश (स्क्रिप्ट चालवणारा शेल) दिसला, तर सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये फेरा आहे : मायनर चालव, संपला की ५-१० सेकंद झोप, पुन्हा चालव. बहुतेक मायनरच्या झिप फाइलसोबत येणाऱ्या नमुना स्क्रिप्टमध्ये असलाच फेरा असतो. तुमच्या ‘दहा सेकंदां’चे उगमस्थान बहुधा तेच.

मग फेऱ्याचा बॅश आधी मारला, तर? तेवढ्याने भागत नाही. बॅश टर्म सिग्नलने (‘आवरून बंद हो’ हा निरोप; -९ म्हणजे किल, जो टाळता येत नाही) मरतो, पण त्याचे मूल असलेला मायनर मरत नाही. तो पोरका होतो, त्याचा पॅरेंट सहसा पीआयडी १ होतो आणि तो निवांत चालू राहतो. म्हणून क्रम पाळायचा : आधी फेरा, लगेच मागोमाग मायनर. दोघे एकाच प्रोसेस ग्रुपमध्ये असतील, तर किल कमांडला ग्रुपचा आकडा उणे चिन्हासह द्या (त्याआधी दोन डॅश टाका, नाहीतर तो आकडा सिग्नल समजला जातो). दोघांना एकदमच सिग्नल जातो.

कंट्रोल-सी दाबूनही काही जणांचा फेरा थांबत नाही, त्याचे कारण थोडे खोलात आहे. कंट्रोल-सी दाबल्यावर इंट सिग्नल मायनर आणि बॅश दोघांनाही मिळतो. पण बॅश लगेच मरत नाही. आपले मूल कसे संपते ते पाहतो. मूल सिग्नलनेच मेले, तर तोही संपतो. मायनरने मात्र तो सिग्नल पकडला, पूलचे (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या सर्व्हरचे) कनेक्शन नीट बंद केले आणि शिस्तीत बाहेर पडला, तर बॅशच्या लेखी ती साधी समाप्ती ठरते आणि फेरा पुढे चालू. म्हणजे मायनर जितका सभ्य, तितका फेरा चिवट.

फेरा ठेवायचाच असेल, तर दोन सुधारणा करा. एक : फेऱ्याची अट ‘नेहमी’ अशी न ठेवता ‘अमुक फाइल अस्तित्वात नसेपर्यंत’ अशी ठेवा. थांबवायच्या स्क्रिप्टने आधी /रन फोल्डरमध्ये ती फाइल निर्माण करायची, मग मायनरला टर्म द्यायचा. /रन मेमरीत असतो, त्यामुळे रीबूटनंतर ती फाइल आपोआप जाते. दोन : फेऱ्यात टर्मसाठी ट्रॅप (सिग्नल आला की चालणारी ओळ) लावलात, तर मायनर पुढच्या बाजूला न चालवता शेवटी अँड चिन्ह लावून मागे चालवा आणि पुढच्या ओळीत वेट ठेवा. पुढच्या बाजूचे मूल चालू असताना बॅश ट्रॅप राखून ठेवतो, मूल संपल्यावरच चालवतो. वेटमध्ये असताना मात्र तो ताबडतोब जागा होतो.

पण खरे सांगायचे तर फेरे लिहिण्यात अर्थ नाही. मायनर सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थापकाच्या) हवाली करा. सर्व्हिस फाइलमध्ये एक्झेकस्टार्टला मायनरचा पूर्ण पत्ता, यूजरला वेगळा यूजर, रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर, रिस्टार्टसेक=१० आणि टाइमआउटस्टॉपसेक=३० एवढे पुरते. सिस्टमसीटीएल स्टॉप दिले, की त्या सर्व्हिसच्या कंट्रोल ग्रुपमधल्या प्रत्येक प्रोसेसला टर्म जातो. मधल्या स्क्रिप्टने नोहप किंवा सेटसिड वापरून मायनर बाजूला काढला असला, तरी तो ग्रुपमधून सुटत नाही. ठरलेल्या वेळात न संपणाऱ्याला मग किल. ही मुदत तुम्ही दिली नाही, तर मुळात ९० सेकंदांची असते; स्टॉप दिल्यावर दीड मिनिट टर्मिनल अडकून राहण्याचे कारण हेच.

आता तुमचे ते -९. ऑन-फेल्युअर असलेल्या सर्व्हिसचा मायनर हाताने टर्मने मारला, तर सिस्टमडी ती शांत समाप्ती धरतो आणि पुन्हा उठवत नाही. -९ ने मारला, तर ते अपयश धरले जाते आणि दहा सेकंदांनी मायनर परत. म्हणजे तुमची जालीम ओळच त्याला उठवते! रिस्टार्ट=ऑलवेज असेल, तर दोन्ही प्रकारांत उठतो. सिस्टमसीटीएल स्टॉपने थांबवलेली सर्व्हिस मात्र ऑलवेज असली तरी उठत नाही. उद्या रीबूटनंतरही नको असेल, तर डिसेबल. दुसऱ्या कोणत्याही सर्व्हिसने ओढून आणू नये असे वाटत असेल, तर मास्क.

डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणाऱ्या साधनात) चालणाऱ्या मायनरचेही असेच. बाहेरून किल करू नका, डॉकर स्टॉप द्या. तो टर्म पाठवून १० सेकंद थांबतो, मग किल करतो. कंटेनरचा पहिला प्रोसेस जर बॅश स्क्रिप्ट असेल, तर टर्म मायनरपर्यंत पोचतच नाही आणि दर वेळी पूर्ण १० सेकंद जातात. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत मायनरच्या आधी एक्झेक लिहा, म्हणजे बॅशच्या जागी मायनरच येतो, प्रश्न मिटला. हाइव्हओएसवर (मायनिंगसाठीच्या लिनक्स प्रणालीवर) तर स्वतःची स्क्रिप्ट लिहायचीच गरज नाही, मायनर स्टॉप ही तिथली कमांड आहे. फ्लाइट शीट (काय आणि कोणत्या पूलवर काढायचे याची मांडणी) लावलेली असेल, तर रिग रीबूट झाल्यावर तो पुन्हा सुरू होणार, एवढे लक्षात असू द्या. आणि मायनर स्क्रीनमध्ये (टर्मिनल मिटले तरी सत्र चालू ठेवणाऱ्या साधनात) चालवत असाल, तर स्क्रीन -एलएस करून जुनी सत्रे बघा. एकाच नावाची तीन-तीन सत्रे आणि प्रत्येकात एक फेरा, हे दृश्य दुर्मिळ नाही.

प्रश्न : पीकिल वापरले, तर कधी मायनर सापडतच नाही, आणि -एफ लावले तर माझीच स्क्रिप्ट मधेच मरते. नक्की कोणता पर्याय वापरायचा?
*– एक वाचक, इचलकरंजी*

पहिल्याचे कारण : कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रोसेसच्या नावाची फक्त १५ अक्षरे साठवतो. पीकिल नावावरून प्रोसेस मारतो, पण एरवी तेवढेच नाव पाहतो. फाइलचे नाव २० अक्षरी असेल आणि तुम्ही ते पूर्ण दिले, तर जुळणी कधीच होणार नाही. दुसऱ्याचे कारण : -एफ लावले की संपूर्ण कमांड लाइन तपासली जाते. पीकिल स्वतःला वगळतो, पण ज्या स्क्रिप्टने त्याला बोलावले तिला वगळत नाही. तुमच्या स्क्रिप्टच्या फाइलच्या नावात किंवा फोल्डरच्या नावात ‘मायनर’ हा शब्द असला, की ती स्वतःच्याच गोळीला बळी पडते. शेजारच्या टर्मिनलवर कोणी मायनरची लॉग फाइल टेलने पाहत असेल, तर ते टेलही जाते.

यावर जालावर नाना उतारे दिलेले असतात : चौकटी कंसात पहिले अक्षर, ग्रेपला उलटे ग्रेप, ऑकमधून पीआयडी. हे सगळे सोडून द्या. मायनिंगसाठी एक वेगळा यूजर बनवा, ज्याला लॉगिन शेल नाही आणि जो दुसरे काहीच चालवत नाही. (कार्डांपर्यंत पोचायला एएमडीच्या बाबतीत त्याला व्हिडिओ आणि रेंडर या गटांत घालावे लागते.) मग नाव जुळवायची भानगडच उरत नाही. पीकिल -टर्म -यू आणि त्या यूजरचे नाव, बस. मायनर बदला, आवृत्ती बदला, स्क्रिप्ट तीच राहते.

हाताशी ठेवण्याजोगी स्क्रिप्ट अशी होते. पहिल्या ओळीत सिस्टमसीटीएल स्टॉप. दुसऱ्या ओळीत त्या यूजरच्या उरल्यासुरल्या प्रोसेसना टर्म. नंतर ३० वेळा फिरणारा फेरा : पीग्रेप -यू ने काही सापडते का पाहा, सापडले नाही तर फेऱ्याबाहेर पडा, सापडले तर १ सेकंद झोपा. फेरा पुरा होऊनही कोणी उरलेच, तर पीकिल -किल. शेवटी प्रोसेसची यादी नव्हे, कार्ड तपासा : एनव्हिडिया-एसएमआयला (एनव्हिडिया कार्डांची स्थिती सांगणाऱ्या कमांडला) क्वेरी-कॉम्प्यूट-ॲप्स विचारून पीआयडीची यादी रिकामी येते का पाहा, किंवा फ्यूजर -व्ही ला /डेव्ह खालच्या एनव्हिडियाच्या फाइल द्या. कार्ड कोणी धरून ठेवले आहे ते त्यात हमखास दिसते.

एक खाच : स्क्रिप्टच्या वरच सेट -ई असेल, तर पीकिलला मारायला कोणी न सापडल्यास तो १ हा निकाल देतो आणि स्क्रिप्ट तिथेच संपते. मायनर आधीच बंद असताना पुढची सगळी आवराआवर न होण्याचे हे नेहमीचे कारण. त्या ओळीपुढे दोन उभ्या रेषा आणि ट्रू लावा.

पीआयडी फाइलवर विसंबणारे वाचकही आहेत. त्यांनी मारण्यापूर्वी /प्रॉक मधल्या त्या आकड्याच्या फोल्डरातली कॉम फाइल वाचून नाव पडताळावे. रिग अचानक बंद पडली, फाइल डिस्कवर राहिली आणि पुढच्या बूटमध्ये तोच आकडा एसएसएचला (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीला) मिळाला, तर दूरच्या रिगवरचा तुमचा हात तुटलाच.

प्रश्न : मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात. कार्ड तापले की मायनर आपोआप थांबावा आणि गार झाल्यावर सुरू व्हावा, अशी स्क्रिप्ट लिहिली. आता तो दर दोन मिनिटांनी सुरू-बंद होतो. शिवाय एकदा स्क्रिप्टच अडकून पडली.
*– एक वाचक, नागपूर*

थांबवायचा आणि सुरू करायचा आकडा एकच ठेवला असणार. दोहोंत चांगले अंतर ठेवा : ८३ ला थांबव, ६० च्या खाली आल्याशिवाय सुरू करू नकोस, आणि एकदा थांबवल्यावर किमान १५ मिनिटे तरी उठवू नकोस. कार्ड दोन मिनिटांत गार होते; उष्णतेने भरलेली खोली होत नाही.

स्क्रिप्ट अडकण्याचे कारण एनव्हिडिया-एसएमआय. एखादे कार्ड बसवरून (मदरबोर्डशी जोडणाऱ्या मार्गावरून) निखळले, की ही कमांड कित्येकदा उत्तरच देत नाही, आणि तापमान राखणारी स्क्रिप्ट तिची वाट पाहत बसते. म्हणजे जेव्हा राखण सर्वांत गरजेची, नेमके तेव्हाच राखणदार झोपलेला. कमांडच्या आधी टाइमआउट १० लावा. दुसरी गोष्ट : आलेले उत्तर आकडा आहे का ते आधी तपासा. आकडा नसेल, रिकामे असेल किंवा ‘एरर’ असेल, तर ‘थंड आहे’ असे न समजता मायनर थांबवा. बॅशमध्ये शब्दाची आकड्याशी तुलना केली, तर अट खोटी ठरते आणि स्क्रिप्ट पुढे निघून जाते, म्हणून ही तपासणी स्वतंत्र ओळीत हवी.

एएमडी कार्डांचे तापमान /सिस/क्लास/एचडब्ल्यूमॉन खालच्या फाइलींत मिळते, पण ते अंशाच्या हजाराव्या भागात. ८५ अंश म्हणजे ८५०००. भागाकार विसरलात, तर ‘२५००० हे ८३ पेक्षा मोठे’ असे म्हणून मायनर कधी सुरूच होणार नाही. शिवाय तिथल्या एचडब्ल्यूमॉन २, ३ या क्रमांकांवर विसंबू नका, ते बूटगणिक बदलू शकतात. शेजारची नेम फाइल वाचून ते कार्ड एएमडीजीपीयू आहे का ते पाहून घ्या.

आणखी एक खुलासा. एनव्हिडिया-एसएमआय जे दाखवते ते चिपचे तापमान. जीडीडीआर६एक्स मेमरीच्या कार्डांत मेमरी त्याहून बरीच जास्त तापते आणि घरगुती कार्डांत हा आकडा इथे मिळत नाही. म्हणून चिप ६५ वर असतानाही पंखे किंचाळत असतील, तर स्क्रिप्टला दोष देऊ नका. अशा कार्डांसाठी थांबव-सुरू करपेक्षा एनव्हिडिया-एसएमआय -पीएल ने वीजमर्यादा खाली आणणे केव्हाही बरे. २२० वॅटचे कार्ड १५० वर आणल्यावर हॅशरेट (मायनिंगचा वेग) त्या प्रमाणात पडत नाही, उष्णता मात्र तितकीच कमी होते. सारखे तापणे-निवणे हे सोल्डरच्या सांध्यांना एकसारख्या उष्णतेपेक्षा जास्त जाचते. थांबवणे हा शेवटचा उपाय ठेवा.

मायनर थांबला की पंखेही लगेच बंद करणारी ओळ काहींच्या स्क्रिप्टमध्ये असते. ती काढून टाका, पंखे पाच मिनिटे फिरू द्या.

प्रश्न : -९ देऊनही मायनर मरत नाही. पीएसमध्ये दिसत राहतो, लोड ॲव्हरेज वाढत जाते.
*– एक वाचक, मडगाव*

पीएसमधला स्टॅट रकाना पाहा. तिथे झेड असेल, तर तो झोंबी आहे : मेलेला आहे, मेमरी किंवा कार्ड धरून नाही, फक्त पॅरेंटने त्याचा निकाल उचललेला नाही. पॅरेंट संपला की जातो. त्याने लोड वाढत नाही, म्हणून तुमच्याकडे बहुधा डी असेल.

डी म्हणजे प्रोसेस कर्नलच्या आत, ड्रायव्हरच्या उत्तराची वाट पाहत अडकला आहे. -९ चा सिग्नल त्याच्या नावाने नोंदला जातो, पण कर्नलमधून बाहेर आल्याशिवाय त्याची बजावणी होत नाही. दहा वेळा पाठवून काही होणार नाही. डीमेसेज पाहा. एनव्हिडियाच्या ओळीत एक्सआयडी ७९ असेल, तर कार्ड बसवरून पडले आहे. रायझरची (कार्ड मदरबोर्डपासून दूर बसवणाऱ्या जोडणीची) यूएसबी केबल, रायझरला साटा कनेक्टरवरून दिलेली वीज (साटाचा कनेक्टर ५४ वॅटपुढे भरवशाचा नाही, कार्ड स्लॉटमधून ७५ पर्यंत मागू शकते) किंवा अति ओव्हरक्लॉक, यांपैकी काहीतरी.

इथे रीबूट हाच मार्ग. साधा रीबूट त्याच प्रोसेसची वाट पाहत लटकतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये शेवटचा उपाय असा ठेवा : /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलीत रूट यूजरने आधी एस लिहायचा, ५ सेकंदांनी यू, मग बी. डिस्कवरचे लिखाण पुरे होते, फाइलसिस्टीम वाचनापुरती राहते आणि मशीन लगेच रीबूट होते. कार्ड तरीही दिसले नाही, तर पॉवर सप्लायचे बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा. निखळलेल्या कार्डाला गरम रीबूट कित्येकदा पुरत नाही.

प्रश्न : संध्याकाळी ६ ला मायनर थांबावा म्हणून क्रॉनटॅबमध्ये १८ लिहिले. तो थांबतो रात्री साडेअकराला!
*– एक वाचक, नाशिक*

रिगचे घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आहे. तिथले १८:०० म्हणजे आपले २३:३०. टाइमडेटसीटीएलने एशिया/कोलकाता करा आणि त्यानंतर क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी) सर्व्हिस रिस्टार्ट करा. हे दुसरे पाऊल विसरले, तर क्रॉन जुन्याच वेळेवर चालत राहतो.

क्रॉनच्या आणखी दोन खोड्या, कारण पुढचे पत्र त्यांच्याबद्दलच असते. त्याला पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) फार तोकडा मिळतो, त्यामुळे हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये ‘कमांड सापडली नाही’ म्हणते आणि तो निरोप कोणी न वाचणाऱ्या मेलमध्ये जातो. पूर्ण पत्ते लिहा आणि निरोप फाइलीत वळवा. क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचे चिन्ह आले की तिथेच कमांड तुटते, म्हणून लॉगच्या नावात तारीख घालायची असेल, तर ती स्क्रिप्टच्या आत घाला.

वेळापत्रक आणि तापमानाची राखण अशा दोन स्क्रिप्ट एकत्र असतील, तर दोघी एकमेकींच्या विरोधात काम करतात : सहाला एक थांबवते, सव्वासहाला दुसरी ‘गार झाले’ म्हणून सुरू करते. थांबवणाऱ्या प्रत्येकीने आपापल्या नावाची फाइल ठेवावी (‘वेळ’, ‘ताप’), आणि त्या फोल्डरात एकही फाइल उरली नसेल तरच मायनर सुरू व्हावा. दोघी एकाच क्षणी चालू नयेत म्हणून दोन्हींना एफलॉक -एन (एक चालू असताना दुसरीला सुरू न होऊ देणारे कुलूप) लावा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर आम्ही काहीच मायनिंग करत नाही. तरी केडेव्हटीएमपीएफएसआय नावाचा प्रोसेस सगळे सीपीयू खातो. मारला की मिनिटभरात परत येतो. मारत राहणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये लावून ठेवू का?
*– एक वाचक, सांगली जिल्हा*

नको. ही घुसखोरी आहे आणि तुमच्या यंत्रावर कोणाची तरी सत्ता चालू आहे. या मायनरचे नाव केडेव्हटीएमपीएफएस या खऱ्या कर्नल थ्रेडवरून बेतलेले असते, शेवटी एक अक्षर जास्त. त्याला उठवणारा सोबती बहुधा किनसिंग नावाने दिसतो. खोटा ओळखायची खूण सोपी : खऱ्या कर्नल थ्रेडचा पॅरेंट पीआयडी २ असतो आणि त्याची कमांड लाइन रिकामी असते. तुमच्याकडच्याचा /प्रॉक मधला एक्झी दुवा पाहा. तो /टीएमपी किंवा /व्हार/टीएमपी कडे बोट दाखवेल, बऱ्याचदा पुढे ‘डिलीटेड’ असे लिहिलेले.

पहिले काम : सर्व्हरची नेटवर्क केबल काढा किंवा फायरवॉलवर त्याची बाहेर जाणारी वाट बंद करा. दुसरे : मारू नका, गोठवा. मायनर आणि त्याचा सोबती दोघांना किल -स्टॉप द्या. मेलेल्याला उठवण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते. गोठलेला प्रोसेस यादीत जिवंतच दिसतो, त्यामुळे ती सहसा जागी होत नाही. शिवाय /प्रॉक मधले पुरावे शाबूत राहतात. त्या एक्झी दुव्यावरून मूळ फाइलची प्रत काढता येते, फाइल डिस्कवरून पुसलेली असली तरी. पर्यावरण, उघड्या फाइली, नेटवर्क कनेक्शन यांची नोंद करून प्रत दुसऱ्या यंत्रावर न्या.

मग उठवणारे शोधा. प्रत्येक यूजरचा क्रॉनटॅब, /इटीसी खालची क्रॉनची सर्व फोल्डरे, सिस्टमडीच्या अलीकडच्या तारखेच्या सर्व्हिस आणि टायमर, रूटसह प्रत्येकाची एसएसएचची ऑथराइज्ड कीज फाइल. क्रॉनची ओळ रूट असूनही पुसता येत नसेल, तर एलएसॲट्र चालवा. फाइलीवर आय (बदलबंदी) हा गुण लावलेला असेल, तो सीएचॲट्र -आय ने काढल्याशिवाय हात लागत नाही. /इटीसी मध्ये एलडी.एसओ.प्रीलोड नावाची फाइल असेल आणि तुम्ही ती ठेवलेली नसेल, तर पीएस आणि टॉप जे दाखवतात त्यावर विश्वास ठेवू नका. त्या फाइलीतली लायब्ररी घुसखोराचे प्रोसेस यादीतून लपवते. अशा वेळी दुसऱ्या यंत्रावरून स्टॅटिक जोडणीचा बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडांचा छोटा संच) आणा. तो बाहेरची लायब्ररी वापरतच नाही, त्यामुळे त्याच्या पीएसला लपलेले दिसतात. सीपीयू १०० टक्के, पण टॉपमध्ये कोणीच नाही, अशी तक्रार असते तेव्हा हेच निघते.

गंमत म्हणजे असल्या घुसखोरांच्या शेल स्क्रिप्टमध्ये आधीच्या घुसखोरांना मारणारी पीकिलची लांबलचक यादी असते. ती वाचली, तर आणखी कोण कोण फिरते आहे याची आयती नामावली मिळते.

ते आत कुठून आले, हे कळल्याशिवाय सर्व्हर पुन्हा जोडू नका. डॉकरचे पोर्ट २३७५ किंवा पासवर्ड नसलेला रेडिस (डेटाबेस) ६३७९ वर सगळ्या जगाला उघडा, हे दोन दरवाजे आधी तपासा. आणि शेवट एकच : डेटाची घुसखोरीपूर्वीची प्रत घेऊन यंत्र कोरे करून नव्याने उभारणे, सगळे पासवर्ड व किल्ल्या बदलणे. साफसफाई करून तेच यंत्र वापरणे पतसंस्थेला परवडणारे नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची माहिती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. हे बंधन कंपन्या आणि संस्थांनाही आहे, तेव्हा केबल काढल्यावर लगेच ती माहिती पाठवा.

प्रश्न : एक्सएमरिग थांबवला, प्रोसेस गेला, तरी अडीच जीबी मेमरी परत मिळत नाही. मीटरवरचे वॅटही पूर्ण खाली येत नाहीत.
*– एक वाचक, ठाणे*

मेमरी ह्यूज पेजेसनी (मेमरीच्या मोठ्या राखीव पानांनी) अडवली आहे. रँडमएक्ससाठी (एक्सएमरिग वापरतो त्या मायनिंग पद्धतीसाठी) १२८० पाने राखलेली असतात, प्रत्येक २ एमबीचे, म्हणजे २५६० एमबी. मायनर गेला तरी राखण राहते. सिसकंट्रोलने व्हीएम.एनआर_ह्यूजपेजेस ० करा, लगेच सुटेल. सिसकंट्रोलच्या कायमच्या फाइलीतही ती ओळ असेल, तर पुढच्या बूटला परत येईल, तिथूनही काढा.

एक्सएमरिग रूट म्हणून चालवत असाल, तर तो प्रोसेसरची काही एमएसआर रजिस्टरे (अंतर्गत मांडणीचे कप्पे) बदलतो आणि नीट बाहेर पडताना मूळ किमती परत लिहितो. -९ ने मारल्यास हे परत लिहिणे होत नाही आणि रीबूटपर्यंत बाकीची कामे त्या बदललेल्या मांडणीवरच चालतात. याला टर्म किंवा इंटच द्या.

वॅटचे उत्तर कार्डांत आहे. चिपचे घड्याळ (वेग) कुलूपबंद करणारी एनव्हिडिया-एसएमआय -एलजीसी ही कमांड ड्रायव्हरशी बोललेली असते, मायनरशी नाही. ती -आरजीसी ने सोडवा. मेमरीचे घड्याळ बांधले असेल, तर -आरएमसी. एवढे करूनही चालू पण रिकाम्या रिगमध्ये कार्डागणिक १०-२० वॅट जातच राहतात. तेही नको असतील, तर थांबवायच्या स्क्रिप्टची शेवटची ओळ पॉवरऑफ करा आणि सकाळी दुसऱ्या यंत्रावरून वेक-ऑन-लॅनने उठवा. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते.